शार्कोचा न दुखणारा गुडघा

पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातले डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 साली सांध्यांच्या एका विलक्षण विकारावर निबंध लिहिला. रुग्ण होते टेबीस डॉर्सालिसचे, म्हणजे मज्जारज्जू झिजवणाऱ्या आजाराचे. शास्त्रीय लेखनातही केवढा कस असू शकतो, हे या निबंधात दिसतं.

त्यातल्या वर्णनाचं बळ नकारांत आहे. गुडघा एकाएकी सुजतो. पण ठणका नाही, लाली नाही, बहुधा तापही नाही. सुजेबरोबर जे जे यायला हवं, ते एकेक करून वगळलं जातं आणि वाचणाऱ्याची अस्वस्थता वाढत जाते. मग काही दिवसांनी सांधा हलवताना करकर जाणवते. हाडांची टोकं झिजू लागलेली असतात, आणि रुग्ण त्याच पायावर चालत असतो.

युक्तिवादही तितकाच देखणा आहे. तोल जाऊन, पाय आपटत चालल्यामुळे सांधा मोडला असेल, असं कुणीही म्हणेल. शार्को त्यावर घटनांचा क्रम मांडतात: आधी पायांत विजेसारख्या कळा, मग सांध्याची सूज, आणि चाल बिघडते ती बहुधा त्यानंतर. शिवाय खांदाही असाच खिळखिळा होतो. चालण्याचा भार तर त्याच्यावर नसतो. म्हणून मूळ मज्जारज्जूत शोधा, असं ते सांगतात. आज संवेदना गेल्यामुळे नकळत होणाऱ्या इजा आणि नसांच्या बिघाडामुळे बदललेला हाडांचा रक्तपुरवठा, अशी दोन्ही कारणं मानली जातात. शार्कोंची उपपत्ती अपुरी ठरली, निरीक्षण मात्र पक्कं निघालं.

गुडघा बदलणाऱ्या सर्जनला ते आजही उपयोगी पडतं. अशा सांध्यात कृत्रिम गुडघा बसवणं पूर्वी वर्ज्य मानत. आता निवडक रुग्णांत बसवतात. अस्थिबंध सैल झालेले असतात, हाड खचलेलं असतं. म्हणून लांब दांड्याचा, अनेकदा बिजागरीचा सांधा लागतो. खचलेली जागा धातूच्या तुकड्यांनी किंवा हाडाच्या कलमाने भरावी लागते. एवढं करूनही सांधा सैल होण्याचा, निखळण्याचा, हाड मोडण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त राहतो, कारण सांधा नवा आला तरी सावध करणारी वेदना परत येत नाही.

सांध्यांचा हा विकार आज सर्वाधिक दिसतो तो संवेदना गेलेल्या मधुमेहींच्या पावलात आणि घोट्यात. पाऊल सुजलं, गरम लागलं आणि तरीही फारसं दुखत नसलं, तर निर्धास्त राहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.