मेदाळ यकृताचा खवटपणा : एका कसोटीचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या गावी जवसाचे तेल खवट झाले की नाही, हे गृहिणी वासावरून ओळखते. जवसात तीन द्विबंधांचे लिनोलेनिक आम्ल विपुल असल्यामुळे त्याचे तेल हवेतील ऑक्सिजनाशी त्वरेने संयोग पावते. ओलेइक आम्ल अधिक असलेले तेल त्या मानाने टिकते. प्रत्यारोपणासाठी राखलेल्या मेदाळ यकृताची हानी मोजताना मात्र मेदामेदांतील हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

या मोजणीची रूढ रीत म्हणजे थायोबार्बिट्युरिक आम्लाची कसोटी होय. १९४४ साली कोह्न व लिव्हरसेज यांनी प्राण्यांच्या ऊतींत या आम्लाने येणारा रंग नोंदविला. पुढे दूध व मांस यांचा खवटपणा मोजण्यासही ती रीत वापरात आली. मेदाच्या ऑक्सिडीभवनातून निघणारे मॅलॉनडायआल्डिहाइड या आम्लाशी संयोग पावून गुलाबी रंग देते व तो ५३२ नॅनोमीटरवर मोजतात. कसोटी स्वस्त व सुलभ आहे, हा तिचा गुण लहान प्रयोगशाळांच्या दृष्टीने थोडा नव्हे. तथापि प्रस्तुत विषयात तिच्यावर तीन आक्षेप येतात.

पहिला आक्षेप भाजकाचा. मेदाळ यकृतात साठलेल्या ट्रायग्लिसराइडांत पामिटिक व ओलेइक ही आम्ले प्रमुख असतात. उलट मॅलॉनडायआल्डिहाइड उपजते ते मुख्यतः तीन वा अधिक द्विबंधांच्या आम्लांपासून, व यकृतात ती विशेषेकरून पेशींच्या पटलांत आढळतात. म्हणजे साठा जितका मोठा, तितका दर ग्रॅम ऊतीमागे पटलांचा वाटा कमी; हानी तेवढीच असूनही आकडा लहान दिसावयाचा. तोच आकडा प्रथिनाच्या प्रमाणात काढला तर निष्कर्ष पालटू शकतो. भाजक न सांगता केलेली निरोगी व मेदाळ यकृतांची तुलना म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

दुसरा आक्षेप विशिष्टतेचा. शर्करा व पित्तरंजके यांमुळेही या कसोटीत रंगाची मोजणी बिघडते, आणि आम्लात तापविताना नमुन्याचे नव्याने ऑक्सिडीभवन होऊ शकते. १९८० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउथर्ड यांनी सिद्ध केलेल्या परिरक्षक द्रवात रॅफिनोज ही शर्करा व ग्लूटाथायोन ही दोन्ही असतात. ऊती नीट धुतली नसेल, तर मोजलेले ग्लूटाथायोन यकृताचे की द्रवाचे, हे कसे ठरवावे?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, तो काळाचा. बर्फाच्या थंडाव्यात व ऑक्सिजनाच्या अभावी ऑक्सिडीभवन फारसे होत नाही. त्या अवधीत सक्सिनेट साचते व रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताच ते झपाट्याने जळून मायटोकाँड्रियांतून विघातक मूलके बाहेर पडतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. अर्थात प्रत्यारोपणापूर्वी घेतलेला तुकडा झालेली हानी सांगेल. होऊ घातलेली सांगणार नाही. शल्यविशारदाला हवी असते ती दुसरी.

या दृष्टीने झुरिच येथील वैद्यांनी २०१९ साली मांडलेली रीत अधिक सयुक्तिक वाटते. थंड, ऑक्सिजनयुक्त द्रव यंत्राने यकृतातून खेळवीत असता मायटोकाँड्रियांतून सुटणारे फ्लेव्हिन मोनोन्यूक्लिओटाइड त्या द्रवातच प्रतिदीप्तीवरून मोजतात. येथे यकृताला ऑक्सिजन देऊन त्याची परीक्षा होते, आणि निर्णय बदलण्यास वेळही उरतो. मात्र त्यासाठी यंत्र लागते, ही अडचण आहेच.

तेव्हा जुनी कसोटी टाकावी असे आमचे म्हणणे नाही. भाजक दोन द्यावेत, नमुना धुतल्याची रीत नोंदवावी, तापविताना प्रतिऑक्सिडीकारक घालावे आणि निष्कर्ष झालेल्या हानीपुरताच मर्यादित ठेवावा, एवढीच अपेक्षा. मोठ्या मेदगोलकांचे प्रमाण साठ टक्क्यांवर गेलेले यकृत सामान्यतः नाकारले जाते; तीस ते साठ या पट्ट्यात निर्णय डोळस पुराव्यावर अवलंबून असतो. दुःखाच्या घडीस एखाद्या कुटुंबाने दिलेले यकृत चुकीच्या भागाकारामुळे टाकून दिले जावे, अथवा चुकीच्या विश्वासाने रुग्णात बसविले जावे, हे दोन्ही सारखेच अक्षम्य होय.