नकाशा उलटला, सूर्य तिथेच

१९८० साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकात सेड्रिक गार्लंड आणि फ्रँक गार्लंड या दोघा भावांचा एक लेख प्रसिद्ध झाला. शीर्षक प्रश्नार्थक होते : सूर्यप्रकाश आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता कमी होते का? ‘ड’ जीवनसत्त्व कर्करोगाला दूर ठेवते ही समजूत आज वर्तमानपत्रांच्या आरोग्य-सदरांपासून औषधांच्या दुकानांपर्यंत पसरलेली आहे. तिचे एक मूळ या लेखात सापडते. लेख धाडसी आहे, वाचनीयही आहे. मात्र तो एका नकाशावर उभा आहे, आणि तो नकाशा पुढे चाळीस वर्षांत उलटला. अशा वेळी नकाशावर उभ्या असलेल्या तर्काचे काय होते, हे वर्गात चर्चेला घेण्याजोगे आहे. म्हणून या लेखाची थोडी कठोर तपासणी येथे करू.

आधी नकाशाविषयी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७५ साली एक ॲटलास प्रसिद्ध केला. १९५० ते १९६९ या वीस वर्षांत कर्करोगाने झालेले मृत्यू त्यात काउंटीवार रंगवून दाखवले होते. काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय घटक, ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणा. अशा तीन हजारांवर काउंट्या. तोपर्यंत कोष्टकांत पडून असलेले आकडे प्रथमच डोळ्यांना दिसले. या ॲटलासने मोठे काम केले हे मान्य करायलाच हवे. आग्नेय किनाऱ्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचा पट्टा दिसला, संशोधक तिथे गेले, माणसामाणसाची चौकशी केली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणी कारखान्यांतील ॲस्बेस्टॉसपर्यंत पोचले. दक्षिणेतल्या स्त्रियांत तोंडाचा कर्करोग जास्त दिसला. त्यामागे तोंडात धरायची तपकीर निघाली. दोन्ही ठिकाणी नकाशाने बोट दाखवले आणि उत्तर मात्र गावात जाऊन मिळाले, हे ध्यानात ठेवावे.

मोठ्या आतड्याच्या नकाशात ईशान्येकडचा भाग, म्हणजे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स हा पट्टा, ठळक रंगाने भरला होता. दक्षिण बरीच फिकी होती. गार्लंड बंधूंना त्यात सूर्य दिसला. त्यांनी गोऱ्या पुरुषांचे १९५९-६१ मधले मृत्युदर घेतले आणि त्या त्या ठिकाणी जमिनीवर पोचणाऱ्या सौर प्रारणाशी त्यांची तुलना केली. ऊन जास्त तिथे मृत्यू कमी, असा सरळ उतार निघाला. त्वचेवर ऊन पडले की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे शरीरात कॅल्शियम शोषले जाते, ही साखळी ठाऊक होतीच. तिलाच त्यांनी कर्करोगाची कडी जोडली.

या कल्पनेला वेडगळ म्हणून चालणार नाही. ती तपासता येण्याजोगी होती, आणि विज्ञानात हा मोठा गुण आहे. स्वतः गार्लंड यांनीच पुढे शिकागोतल्या सुमारे दोन हजार कामगारांच्या १९ वर्षांच्या नोंदी तपासल्या. आहारातून ‘ड’ आणि कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळला, आणि १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये तसे प्रसिद्धही झाले. माझा आक्षेप कल्पनेवर नाही. नकाशाकडून जी साक्ष काढून घेतली गेली, तिच्यावर आहे.

मुळात मृत्युदर हा एक आकडा दिसत असला तरी तो एका गोष्टीचा आकडा नसतो. रोग किती जणांना होतो, झालेल्यांपैकी किती दगावतात, आणि दगावलेल्यांपैकी किती जणांच्या दाखल्यावर खरे कारण लिहिले जाते, या तिन्हींचा तो गुणाकार असतो. वयाचा परिणाम गणिताने काढून टाकता येतो. फ्लोरिडात निवृत्त म्हातारे जास्त आहेत म्हणून तिथले मृत्यू जास्त दिसू नयेत, यासाठी सर्व प्रदेशांची वयोरचना सारखी मानून दर काढतात. ॲटलासमध्ये ते केलेले होते. दाखल्यावर काय लिहिले आहे, ते मात्र असे सारखे करता येत नाही. १९५० च्या दशकात बोस्टनचा सुखवस्तू माणूस इस्पितळात, निदान होऊन मरत होता. मिसिसिपीतला शेतमजूर पोटाच्या दुखण्याने घरी मरत होता. दक्षिणेच्या फिकटपणातला थोडा भाग तरी या फरकाचा असणार. आपल्याला हे परके वाटू नये. भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचव्या हिश्शाच्याच कारणाला वैद्यकीय दाखला असतो. म्हणून तर मुंबईत १९६० च्या दशकात आणि ग्रामीण भागासाठी बार्शीला १९८७ साली कर्करोगाची स्वतंत्र नोंदणी सुरू करावी लागली.

दुसरी अडचण जुनी आणि प्रसिद्ध आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० साली १९३० च्या अमेरिकन जनगणनेवरून एक गमतीदार गोष्ट दाखवली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी. मग परदेशात जन्मलेले लोक जास्त साक्षर होते काय? उलट! माणूस माणूस मोजला तर त्यांच्यातच निरक्षरता जास्त होती. जिथे मूळचे रहिवासी शिकलेले होते अशा राज्यांत ते जाऊन राहिले होते, एवढेच. प्रदेशाच्या सरासरीवरून माणसाविषयी बोलताना असा उलटा निष्कर्षही निघू शकतो. ज्या प्रदेशात ऊन जास्त, तिथल्या अमुक माणसाच्या अंगाला ऊन किती लागले, हे नकाशाला ठाऊक नसते. आपल्याकडे याचा पुरावा घरोघरी आहे. बाराही महिने ऊन असलेल्या आपल्या शहरांत रक्ततपासणी केली की ‘ड’ची कमतरता सर्रास आढळते.

आणि एक साक्ष तर १९८० च्या आधीच छापून आलेली होती. हेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांचा अभ्यास केला होता. त्यांचे लेख १९६८ आणि १९७३ चे. जपानात त्या काळी मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आणि जठराचा फार. हवाई बेटांवर जाऊन राहिलेल्या जपान्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढून तिथल्या गोऱ्यांच्या जवळपास पोचला. आता पृथ्वीगोल हातात घ्या. हवाई जपानच्या बरेच दक्षिणेला, विषुववृत्ताच्या जवळ आहे. हे लोक जास्त उन्हाच्या देशात गेले आणि त्यांचा कर्करोग वाढला. जपानी माणसाला ‘ड’ माशांतून मिळत होते, असे यावर उत्तर देता येते. देता येईल, पण मग सूर्याचा नकाशा कशाला दाखवायचा?

उत्तर-दक्षिण ही दिशा एकटी कधीच येत नाही. तिच्याबरोबर शहरीकरण येते, उत्पन्न येते, मांसाहाराचे प्रमाण येते, कोणत्या देशातून आलेल्यांची वस्ती आहे तेही येते. त्याच ॲटलासमध्ये नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यातल्या काही ग्रामीण काउंट्या ठळक निघाल्या होत्या. तिथे जाऊन पाहिले तर बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून, आलेल्या घराण्यांत हा रोग जास्त आढळला. शेजारच्या काउंटीवरही ऊन तेवढेच पडत होते.

एवढे सगळे मान्य करूनही सूर्याचा पक्ष घेणारा म्हणेल, की या शंका झाल्या, खंडन नव्हे. बरोबर आहे. पण काळाने जे केले त्याला शंका म्हणता येणार नाही.

अमेरिकेत या कर्करोगाचा मृत्युदर १९७० साली दर लाखी २९.२ होता. २०२० साली तो १२.६ वर आला. पन्नास वर्षांत निम्म्याहूनही कमी. पण ही घट सगळीकडे सारखी झाली नाही. २०१५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या रिबेका सीगल आणि सहकाऱ्यांनी काउंटीवार नकाशा पुन्हा तपासला. आता ठळक डाग तीन ठिकाणी होते : मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या ९४ काउंट्या, ॲपलाचियन डोंगराळ भागाचा मध्य-पश्चिम पट्टा, आणि व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग. मिसिसिपी खोऱ्यातला मृत्युदर २००९-११ मध्ये डागांबाहेरच्या अमेरिकेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होता. हाच प्रदेश १९७०-७२ मध्ये १८ टक्क्यांनी खाली होता! ईशान्येचा एकेकाळचा गडद पट्टा आता या डागांत कुठेच नाही.

सूर्य मात्र हललेला नाही. मिसिसिपीवर १९५९ साली जेवढे ऊन पडत होते तेवढेच २००९ सालीही पडत होते. जे कारण जागचे हलत नाही, ते जागा बदलणाऱ्या परिणामाचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. काळ्या त्वचेत ‘ड’ कमी तयार होते आणि मिसिसिपी खोऱ्यात काळ्यांची वस्ती मोठी आहे, हा बचावही टिकत नाही. त्या अभ्यासात तिथला वाढीव धोका काळ्यांत आणि गोऱ्यांत सारखाच आढळला. माझ्या मते गार्लंड यांच्या मूळ नकाशाची साक्ष इथे संपते.

मग नकाशा उलटला कशामुळे? हा कर्करोग बहुधा आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या मांसल कोंबापासून, पॉलिपपासून, सुरू होतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. एवढी सवड देणारे कर्करोग थोडे. विष्ठेतल्या न दिसणाऱ्या रक्ताची दरवर्षी चाचणी केली तर मृत्यू एक-तृतीयांशाने कमी होतात, हे मिनेसोटातल्या प्रयोगाने १९९३ साली दाखवले. दुर्बिणीने पॉलिप दिसला तर त्याच बैठकीत काढूनही टाकता येतो. ही सोय आधी कुणाला मिळाली? ज्यांच्याकडे विमा होता, जवळ इस्पितळ होते, कामावरून एक दिवस सुटी होती त्यांना. म्हणजे पूर्वी ज्या सुबत्तेने ईशान्येला भरपूर मांस, बैठे काम आणि अचूक निदान दिले, त्याच सुबत्तेने पुढे तिला तपासणी दिली. मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि ॲपलाचियाच्या डोंगरांत लठ्ठपणा आणि तंबाखू पोचली. दुर्बीण उशिरा पोचली. त्या खोऱ्यातल्या काळ्या पुरुषांचा मृत्युदर १९७० ते १९९० या काळात दरवर्षी साडेतीन टक्क्यांनी चढत गेला आणि नंतर उतरलाच नाही.

हे नुसते अनुमान नाही, कारण एका छोट्या राज्याने ते करून पाहिले. डेलावेअरने २००२ पासून सर्व रहिवाशांसाठी या तपासणीचा कार्यक्रम घेतला. विमा नसलेल्यांच्या तपासणीचा आणि कर्करोग निघाल्यास उपचाराचा खर्च राज्याने उचलला, आणि लोकांना तपासणीपर्यंत आणायला माणसे नेमली. तपासणी झालेल्या काळ्या रहिवाशांचे प्रमाण २००१ मध्ये ४८ टक्के होते, ते २००९ मध्ये ७४ टक्के झाले, म्हणजे गोऱ्यांइतकेच. त्यांचा मृत्युदर दर लाखी ३१ वरून १८ वर उतरला आणि गोऱ्यांच्या १७ च्या शेजारी जाऊन बसला. आठ वर्षांत राज्याच्या अक्षांशात काही फरक पडला नव्हता!

‘ड’ जीवनसत्त्वाची थेट परीक्षाही झाली. सुमारे २६ हजार लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून एका गटाला रोज २००० एककांची गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी देण्यात आली. पाच वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस जाहीर झाले : कर्करोग होण्याच्या प्रमाणात फरक नाही, मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही नाही. पॉलिप पुन्हा उगवतात का, हे पाहणारा २०१५ चा प्रयोगही रिकाम्या हातानेच परतला. रक्तात ‘ड’ जास्त असलेल्यांत हा रोग कमी आढळतो, असे मोठ्या पाहण्या अजूनही सांगतात, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण घराबाहेर हिंडणाऱ्या, सडपातळ, व्यायाम करणाऱ्या माणसाच्या रक्तातही ‘ड’ जास्तच असते. कारण कोणते आणि सोबती कोणता, हे पाहण्यांवरून सुटत नाही.

या सगळ्याची आज पुन्हा आठवण होण्याचे एक निमित्त आहे. अमेरिकेत एकूण मृत्युदर उतरत असताना ५५ वर्षांखालच्यांत तो २००० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी सुमारे एक टक्क्याने चढतो आहे. इतर अनेक देशांतही तरुणांत हा रोग वाढतो आहे. साहजिकच कारणे सुचवणाऱ्यांची गर्दी झाली आहे : तयार खाद्यपदार्थ, प्रतिजैविके, बैठेपणा, प्लास्टिक. काळाबरोबर यांतली प्रत्येक गोष्ट वाढली आहे. त्यामुळे आलेखावर प्रत्येकीची रेषा रोगाच्या रेषेशी सुरेख जुळते, जशी १९८० साली उन्हाची जुळली होती. नकाशाच्या जागी कालरेषा आली, एवढाच फरक.

त्यातल्या त्यात एक काम वेगळ्या वाटेने गेलेले आहे. २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींतला डीएनए वाचला गेला. आतड्यातले काही जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात, आणि ते पेशीच्या डीएनएवर ओळखू येण्याजोग्या खुणा सोडते. या खुणा चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत सत्तरीनंतरच्यांपेक्षा तिपटीहून जास्त प्रमाणात सापडल्या. देशादेशांतला फरकही दिसला. खुणांच्या क्रमावरून ही इजा बालपणीच होत असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. कोलिबॅक्टिन हे कारण ठरले असे अजून म्हणता येत नाही. पण इथे पुरावा प्रदेशाच्या सरासरीतून आलेला नाही, तो त्या त्या माणसाच्या गाठीतून काढलेला आहे. गार्लंड बंधूंच्या हाती १९८० साली असे काही साधन नव्हते. हवाईचे आकडे मात्र होते.