‘स्मृतिचित्रां’तील नम्रता

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ बहुधा विनोदासाठीं वाचलीं जातात. त्या विनोदाचें मूळ बाईंच्या नम्रतेंत आहे, हें सहसा ध्यानीं येत नाहीं. १८९५ सालीं ना. वा. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां बाईंच्या वाट्यास वियोगच आला. पुढें पतीजवळ राहावयास गेल्यावरहि त्यांनीं सोंवळें सोडलें नाहीं. टिळकांच्या विद्वत्तेपुढें त्या नमल्या नाहींत. नमल्या त्या स्वतःच्या विचारापुढें. आधीं मनांतला जातिभेद गेला, परक्या हातच्या अन्नपाण्याचा विटाळ गेला, आणि मग १९०० सालीं बाप्तिस्मा. हा क्रम सिद्धान्तचर्चेहून मोलाचा! शिवाय, बाई आपल्या सोंवळ्याची थट्टा करतात, पण तें पाळणाऱ्या त्या जुन्या लक्ष्मीचा धिक्कार करीत नाहींत. धर्मांतराच्या आत्मकथांत हा संयम विरळा. खुद्द टिळकांच्या अभंगांतहि तो मला इतका सहज आढळत नाहीं.