मालकी कशाची? दादर-माटुंग्याच्या ब्लॉकविषयी एक टिपण

उपनगर म्हटले की पाश्चात्त्य अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते : स्वतःच्या जमिनीवरचे सुटे घर, भोवती बाग आणि त्या घराचे मालक असलेले एक कुटुंब. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून वसलेले लेव्हिटटाउन हा त्याचा परिचित नमुना होय. या मापाने मोजल्यास मुंबईचे उपनगर अपुरेच ठरावयाचे. निखिल राव यांनी ‘हाउस, बट नो गार्डन’ (२०१३) या ग्रंथात हे मापच नाकारले, ही त्यांची महत्त्वाची कामगिरी आहे. मात्र त्यांच्या विवेचनातून निघणारा मालकीचा प्रश्न आणखी पुढे नेला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली, रुंद रस्ते काढले आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. तेथे पुढे प्रामुख्याने उभ्या राहिल्या त्या बंगल्या नव्हेत, तर ब्लॉकांच्या इमारती. ब्लॉक म्हणजे आकसलेला बंगला नव्हे. तो चाळीला दिलेला जबाब आहे. चाळीत गॅलरी, नळ व शौचकूप सामायिक असत. ब्लॉकात हे सर्व एका दाराआड आले. ज्या समाजात शौचकूपाचा संबंध विटाळाशी व भंगीकामाच्या सक्तीशी जोडलेला होता, तेथे स्वयंपाकघराच्या छपराखालीच त्याला जागा मिळणे ही केवळ स्थापत्याची बाब नव्हती. राव यांनी हा मुद्दा मार्मिकपणे उलगडला आहे.

परंतु दार बंद करणारा तो गृहस्थ मालक कशाचा होता? जमीन ट्रस्टची, इमारत बहुधा घरमालकाची, आणि राहणारा भाडेकरू. सहकारी संस्थेतही स्थिती फारशी निराळी नव्हती. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तिचा सभासद भागधारक होता, पण राहत्या जागेपुरता संस्थेचा भाडेकरूच होता. मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. म्हणजे मध्यमवर्गीय घराची घडण ‘मालकी’ या शब्दाच्या आधीच पक्की झाली होती.

मग या मध्यमवर्गाने मिळविले काय? आमच्या मते, शेजारी निवडण्याचा अधिकार. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावेच त्याची साक्ष देतात. चाळीत भिंतीपलीकडचा माणूस नशिबाने लाभे; संस्थेत तो पोटनियमाने ठरू लागला. हा अधिकार जुनाट म्हणून गळून पडला नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते राखणारा पोटनियम वैध ठरविला.

येथे एक आक्षेप संभवतो. परगावाहून आलेल्या कुटुंबास आपली भाषा, आपले अन्न आणि अडीअडचणीला जामीन राहणारा माणूस जवळ हवा असतो. ज्ञातीच्या विश्वासाविना आरंभीचे भागभांडवल तरी कसे जमले असते? हा आक्षेप खरा आहे, आणि केवळ निषेधाने त्याचे उत्तर होत नाही. तथापि जी वस्तू एकास आधार म्हणून मिळते, तीच दुसऱ्यास बंद दार म्हणून मिळते. ज्यांच्या श्रमावर ते स्वच्छ ब्लॉक चालले, त्यांना या निवडीत स्थान नव्हते.

म्हणून गृहरचनेच्या अभ्यासकाने केवळ नकाशावर थांबू नये. नकाशात खोल्या दिसतात. त्या खोल्यांत कोणी यावयाचे नाही, हे पोटनियमांत आणि सभासदांच्या नोंदवहीत दिसते. ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून वाचल्याखेरीज आपल्या घरांचा इतिहास अर्धाच राहील.