ऑनलाइन उच्च शिक्षणातील प्रचलित संज्ञा : एक चिकित्सा

बीजशब्द : मुक्त शिक्षण, दूरशिक्षण, मूक, समकालिक अध्यापन, मिश्र अध्ययन, श्रेयांक

प्रस्तावना
कोणत्याही ज्ञानशाखेची प्रगल्भता तिच्या परिभाषेवरून ओळखता येते. ऑनलाइन उच्च शिक्षणाच्या बाबतीत मात्र व्यवहार पुढे गेला आणि परिभाषा मागे राहिली. २०२० च्या टाळेबंदीपासून महाविद्यालयीन अहवालांत ‘ऑनलाइन शिक्षण’ हा एकच शब्द अनेक भिन्न व्यवस्थांसाठी सर्रास वापरला जाऊ लागला. या सरमिसळीचे शैक्षणिक परिणाम काय होतात, याची चिकित्सा येथे केली आहे.

‘मुक्त’ या शब्दाचे तीन अर्थ
१९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नावातील ‘मुक्त’ हा शब्द प्रवेशाशी निगडित होता. औपचारिक पात्रता नसलेल्यांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे पदवीकडे जाण्याची वाट या विद्यापीठाने खुली केली. युनेस्कोने २००२ मध्ये स्वीकारलेल्या ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ या संज्ञेत ‘मुक्त’ म्हणजे परवाना : साहित्य वापरण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा. ‘मूक’ अभ्यासक्रमांतील ‘मुक्त’ प्रामुख्याने नावनोंदणीपुरते असते. तेथील व्हिडिओ पाहता येतो. परंतु तो बदलून आपल्या वर्गासाठी वापरण्याचा अधिकार मिळतोच असे नाही. शिवाय मुक्त म्हणजे विनामूल्य असेही नव्हे. ‘स्वयम्’वर शिकणे विनाशुल्क असले, तरी प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला शुल्क भरावे लागते. हा फरक प्रवेशाच्या वेळी न सांगितल्यास त्याचा भुर्दंड गरीब विद्यार्थ्याला बसतो.

‘मूक’ या लघुरूपाचा मराठी अर्थ येथे सूचक ठरतो. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी चालविलेल्या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने डेव्ह कॉर्मिए यांनी ही संज्ञा योजिली. त्या अभ्यासक्रमाचा गाभा सहभागींचा परस्परसंवाद हा होता. २०१२ नंतर कोर्सेरा व एडएक्स यांच्याद्वारे जे प्रारूप रूढ झाले, त्यात मात्र ध्वनिमुद्रित व्याख्यान व स्वयंचलित चाचणी यांचे प्राबल्य वाढले. ‘स्वयम्’च्या चार घटकांत व्हिडिओ, वाचनसाहित्य व स्वयंमूल्यमापन यांच्या बरोबरीने चर्चामंचालाही स्थान आहे. तो चर्चामंच ओस पडला, तर अभ्यासक्रम मराठी अर्थानेही मूकच होतो.

दूरशिक्षण, ऑनलाइन व आपत्कालीन अध्यापन
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत मुक्त व दूरशिक्षण पद्धती आणि ऑनलाइन पद्धती यांच्या व्याख्या स्वतंत्र आहेत. पहिलीत मुद्रित साहित्य व प्रसंगोपात्त प्रत्यक्ष भेटी अभिप्रेत आहेत. दुसरीत संपूर्ण कार्यक्रम इंटरनेटद्वारे राबविला जातो. टाळेबंदीत बहुतेक महाविद्यालयांनी जे केले, ते या दोहोंत बसत नाही. मार्च २०२० मध्ये ‘एज्युकॉज रिव्ह्यू’मधील एका लेखाने त्यासाठी ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ ही वेगळी संज्ञा वापरली. वेळापत्रकातील तास जसाच्या तसा पडद्यावर नेणे म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रमाची रचना करणे नव्हे. हा भेद पुसल्यामुळे त्या काळातील त्रुटी ऑनलाइन पद्धतीच्या माथी मारल्या गेल्या आणि तात्पुरती तजवीज यश म्हणून मिरविली गेली. दोन्ही निष्कर्ष सदोष आहेत.

समकालिक आणि असमकालिक हा भेदही केवळ तांत्रिक नाही. समकालिक तासाला अखंड जोडणी आणि त्या वेळेपुरता हातात मोबाइल लागतो. घरात एकच मोबाइल असलेल्या विद्यार्थ्याला असमकालिक साहित्य अधिक न्याय देते. मात्र शंकानिरसनाची निश्चित वेळ ठरलेली नसेल, तर तो एकाकी पडतो.

अध्ययन, मिश्र पद्धती व श्रेयांक
‘ई-लर्निंग’चे भाषांतर ‘ई-शिक्षण’ असे केले की शिकणे व शिकविणे यांतील सीमारेषा नाहीशी होते. साहित्य संकेतस्थळावर चढविले म्हणजे अध्ययन घडले, असा समज त्यातूनच बळावतो. मिश्र अध्ययनाची गतही तीच. आयोगाच्या २०२१ च्या मसुद्याने ४० टक्क्यांपर्यंत अध्यापन ऑनलाइन करण्याची कल्पना मांडली आणि चर्चा टक्केवारीभोवतीच फिरत राहिली. कोणता आशय वर्गात व कोणता वर्गाबाहेर, ही मिश्रणामागची शैक्षणिक संगती दुर्लक्षित राहिली.

श्रेयांक आणि प्रमाणपत्र यांतील गल्लत सर्वाधिक हानिकारक आहे. २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या कार्यक्रमाच्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करता येतात, पण संस्थेने ते आधी स्वीकारलेले असावे लागतात. अन्यथा हाती उरतो तो प्रमाणपत्राचा कागद, श्रेयांक नव्हे.

समारोप
प्रत्येक संज्ञेबरोबर कोणी ना कोणी उत्तरदायी ठरतो : ‘मुक्त’ म्हटले की संस्था, ‘समकालिक’ म्हटले की अध्यापक, ‘श्रेयांक’ म्हटले की विद्यापीठ. संज्ञा संदिग्ध झाली की हे उत्तरदायित्वही निसटते. त्यामुळे प्रत्येक विभागाने आपल्या माहितीपत्रकात पद्धती, शुल्क, परीक्षा व श्रेयांकमान्यता या चार बाबी स्वच्छ मराठीत नमूद करणे अगत्याचे आहे. परिभाषेचे काम कोशकारांवर सोपवून अध्यापकाला मोकळे होता येणार नाही.