खुर्ची मिळाली, पण गरज भागली का?

‘व्हीलचेअर वापरणाऱ्यांचं समाधान’ असा विषय तुमच्यापैकी कुणीतरी नक्की निवडेल. विषय चांगलाच आहे. फक्त समाधान मोजणार कशाने, ते आधी तपासा.

या क्षेत्रात ‘क्वेस्ट २.०’ ही प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात १२ मुद्दे आहेत. वजन, आराम, टिकाऊपणा असे ८ साधनाबद्दलचे, तर दुरुस्ती, पाठपुरावा असे ४ सेवेबद्दलचे. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. छोटी आणि सोपी आहे, हा तिचा मोठा गुण. गोची होते ती सरासरी काढताना. समजा, ११ मुद्द्यांना ५ गुण मिळाले आणि दुरुस्तीला फक्त १. सरासरी येते ४.६७, म्हणजे कागदावर उत्तम! पण चाक मोडलंय, दुरुस्त करणारं कुणी नाही आणि खुर्ची कोपऱ्यात पडून आहे, हे त्या आकड्यात कुठे दिसतं?

गंमत म्हणजे सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन मुद्दे निवडा, असंही ही प्रश्नावली विचारते. ती उत्तरं सरासरीखाली गाडू नका.

दुसरा प्रश्न, उत्तरं कोणाची घेतली? १९९३ मध्ये फिलिप्स आणि झाओ यांनी अमेरिकेतल्या २२७ जणांचा अभ्यास केला. त्यात २९.३ टक्के साधनं वापरणाऱ्यांनी पूर्ण सोडून दिलेली आढळली. कारणांपैकी दोन लक्षात ठेवा: वापरणाऱ्याचं मत विचारात न घेणं आणि साधन फार सहज हाती येणं. आपल्याकडे शिबिरांत साधनं मोफत वाटतात. तिथे तर हे दोन्ही मुद्दे तपासायलाच हवेत. शिवाय फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायला माणूस कचरतो. साधन सोडून दिलेल्यांना तुम्ही शोधलंच नाहीत, तर उरलेले ‘समाधानी’च निघणार.

आणि समाधान म्हणजे गरज भागणं नव्हे. जयपूर फूट घडवताना अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं या इथल्या गरजांचा विचार झाला होता. तुम्हीही तसंच विचारा. उंबरठा ओलांडता येतो का? मोरीपर्यंत एकट्याने जाता येतं का? गेल्या आठवड्यात किती वेळा घराबाहेर पडलात?

ही उत्तरं सरासरीच्या शेजारी ठेवा. दोन्ही जुळली नाहीत, तर तुमचा खरा संशोधनप्रश्न तिथेच आहे.