‘द मिथिकल मॅन-मंथ’ आणि दूरस्थ विद्यार्थी-प्रकल्पांतील संवाद : एक चिकित्सा

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या व्यवस्थापनविषयक लेखनात फ्रेडरिक ब्रूक्स (१९३१-२०२२) यांच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) या निबंधसंग्रहाला महत्त्वाचे स्थान आहे. आयबीएम कंपनीच्या ‘ओएस/३६०’ प्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व करताना आलेल्या अनुभवांतून तो सिद्ध झाला. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांना संगणकविषयक गटप्रकल्प आपापल्या घरून करावे लागले. या पार्श्वभूमीवर ब्रूक्स यांचा संवादविचार नव्याने तपासणे आवश्यक ठरते.

माणसे वाढली की संवादाच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात, हे ब्रूक्स यांचे मूलभूत प्रतिपादन होय. चौघांच्या गटात ६ जोड्या होतात, तर आठ जणांच्या गटात २८. बायबलमधील बॅबेलच्या मनोऱ्याचे अपयशही ते संवाद व संघटन यांच्या अभावात शोधतात.

तथापि विद्यार्थ्यांचा गट बहुधा तीन-चार जणांचाच असतो. तरीही तेथे संवाद तुटतो. जोड्यांचे गणित मार्ग मोजते. त्या मार्गाने प्रश्न जातो की नाही, हे सांगत नाही. प्रयोगशाळेत शेजारच्याची अडचण न सांगताही लक्षात येते. दूर बसलेल्या विद्यार्थ्याला ती स्वतःहून लिहावी लागते. अज्ञान उघडे पडेल या संकोचाने तो गप्प राहतो आणि त्याचे मौन संमती मानले जाते.

हार्लन मिल्स यांच्या सूचनेवरून ब्रूक्स ‘शस्त्रक्रिया-चमू’ची रचना पुरस्कारतात. एक कुशल प्रोग्रामर मुख्य काम करतो व इतर त्याला साहाय्य करतात. उद्योगात ही रचना कार्यक्षम ठरू शकते. शिक्षणात मात्र तीच घातक ठरते. एकजण संपूर्ण प्रोग्राम लिहितो, उरलेले अहवालावर नाव घालतात. प्रकल्प यशस्वी होतो, शिक्षण होत नाही. उद्योगात अंतिम उत्पादन महत्त्वाचे, तर महाविद्यालयात विद्यार्थी महत्त्वाचा. हा भेद ब्रूक्स यांच्या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहतो.

असे असले तरी उपायाचे बीज याच ग्रंथात सापडते. रचनाकाराने दूरध्वनीवरील प्रत्येक प्रश्न व त्याचे उत्तर नोंदवावे आणि त्या नोंदी दर आठवड्याला सर्वांना पाठवाव्यात, असे ब्रूक्स सुचवतात. विद्यार्थी-गटाने अशी प्रश्नवही ठेवली, मार्गदर्शकाने ती नियमित वाचली आणि विचारलेल्या प्रश्नांनाही गुण दिले, तर प्रश्न विचारणे हा कमीपणा न राहता कामाचाच भाग होईल.

सारांश, ब्रूक्स यांचा ग्रंथ मोठ्या गटातील संवादाचा भार समजावून देतो. लहान गटातील मौनाची उकल करीत नाही. प्रकल्पाचे मूल्यमापन केवळ चालणाऱ्या प्रोग्रामवर होत राहील, तोवर या मौनालाही गुण मिळत राहतील.